मांडीचे हाड वाचताना

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कराडच्या कृष्णा संस्थेत पहिल्या वर्षाला आलेली मुले आधी बोन सेटच्या मागे लागतात. वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी हाडांची ती पेटी मिळते आणि पाठांतर सुरू होते: कुठल्या हाडावर कुठला उंचवटा, त्याला कुठला स्नायू. परीक्षेपुरते ते ठीकच. पण पेटीतले सर्वांत लांब हाड, म्हणजे मांडीचे, एकदा सावकाश हातात घेऊन फिरवावे, बोटांनी चाचपावे. माझ्या मते मानवी शरीरात यापेक्षा सुंदर रचलेली वस्तू नाही, आणि तिचे सौंदर्य सांध्याच्या गुळगुळीत गोलाईपेक्षा तिच्यावरच्या ओबडधोबड उंचवट्यांत जास्त आहे.

वाचायला बसताना गुळगुळीत भाग कुठला आणि खडबडीत कुठला, हे आधी पाहावे. हाडाच्या दांड्याची पुढची बाजू गुळगुळीत असते. तिथूनही स्नायू निघतो, पण मांसल तंतूंनी, ऐसपैस जागेवर पसरून. ओढ वाटली जाते, खूण राहत नाही. जिथे अख्ख्या स्नायूचा जोर कंडरेत गोळा होऊन इवल्याशा जागेवर येतो, तिथे मात्र हाड वर उचलले जाते. कुठे गाठ, कुठे कंगोरा, कुठे चांगला मुठीत मावणारा ठोकळा. जोर जितका एकवटलेला, तितकी खूण ठळक.

सर्वांत ठळक खूण खुब्यापाशी आहे. हाडाचा गोल माथा कमरेच्या खोबणीत बसतो, त्याखाली तिरकी मान, आणि मान दांड्याला मिळते तिथे बाहेरच्या अंगाला मोठा चौकोनी उंचवटा. शरीरशास्त्रात त्याला ग्रेटर ट्रोकँटर म्हणतात. कमरेच्या हाडाच्या काठापासून तळहाताच्या रुंदीइतके खाली, मांडीच्या बाहेरून दाबून पाहिले तर तो हाताला लागतो. पाय आत-बाहेर फिरवला की हाताखाली सरकतो. नितंबाचे मधले आणि लहान असे दोन स्नायू इथे येऊन बांधले जातात. चालताना दर पावलाला एक पाय हवेत असतो आणि कंबर त्या बाजूला कलंडू पाहते. टेकलेल्या पायाचे हे दोन स्नायू ती सावरतात. ते निकामी झाले की कंबर दुसऱ्या बाजूला खाली जाते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली दाखवून दिलेली ही खूण अस्थिरोगतज्ज्ञ आजही रुग्णाला एका पायावर उभे करून तपासतात.

रचनेतली खरी कमाल इथे आहे. हा उंचवटा सांध्यापासून बाहेर सरकलेला आहे, म्हणून स्नायूंना तरफ मिळते. तरीही शरीराच्या वजनाची तरफ त्यांच्या तरफेपेक्षा लांबच असते. त्यामुळे एका पायावर उभे राहताना खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. उंचवटा आणखी आत असता तर तोच तोल सांभाळायला स्नायूंना कितीतरी जास्त ओढावे लागले असते.

हा हिशेब सातारा-सांगलीच्या लाल मातीत रोज मांडला जातो. समोरच्याने एकेरी पट काढला की मल्लाचा एक पाय त्याच्या हातात जातो आणि सगळी कुस्ती उरलेल्या पायाच्या खुब्यावर येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ५७ किलोचा मल्ल एका पायावर नुसता उभा राहिला तरी त्या सांध्यावर दीडशे किलोच्या आसपास भार असतो. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले, तिथे तोच आकडा अडीचशेकडे जातो. वर झोंबणारा प्रतिस्पर्धी वेगळाच. खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. समोरच्याला जखडून कमरेवर घ्यायचे आणि पलटून खाली आणायचे, या डावाचा टेकूच खुबा आहे. प्रेक्षकाला हाताची पकड दिसते. डाव तोलला जातो तो खाली, या हाडाच्या ठोकळ्यावर.

आता हाड उलटे करावे. मागच्या बाजूला, आतल्या अंगाला एक छोटी शंकूसारखी गाठ आहे, लेसर ट्रोकँटर. कमरेच्या मणक्यांपासून आणि ओटीपोटाच्या आतून निघालेले दोन स्नायू एकत्र होऊन इथे येतात. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना मांडी उचलली जाते ती मुख्यतः याच ओढीने. तिथून दांड्याच्या मागे एक लांब खरखरीत कंगोरा खाली उतरतो, लिनिया अस्पेरा. मांड्या आत ओढणारे स्नायू या धारेला धरून असतात. साताऱ्याच्या गादीची फौज ज्या मांडेवर घोडा धरत असे, ती मांड या स्नायूंची. सततच्या घोडदौडीने त्यांच्या कंडरेत हाडासारखा कठीण गोळा तयार होतो, हे युरोपातल्या घोडदळाच्या डॉक्टरांना ठाऊक होते. शिवाय मांडीचे हाड पुढे किंचित बाकदार असते आणि हा कंगोरा मागून त्याला आधार देतो. एकच धार स्नायूंना पकड देते आणि हाडाला बळ.

डोळ्यांना न दिसणारी एक जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी आहे. मऊ, लवचीक कंडरा आणि कडक हाड यांचा सांधा थेट असता तर पहिल्याच हिसक्याला तो फाटला असता. म्हणून कंडरा आधी तंतुमय कूर्चा होते, मग त्या कूर्चेत चुना भरतो, आणि त्यानंतर हाड लागते. जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंतरात मऊपणा टप्प्याटप्प्याने कठीण होत जातो. इतके संयमी संक्रमण मोठमोठ्या गवयांच्या आलापीतही क्वचित ऐकू येते.

हे उंचवटे तयार कोण करते? स्नायूच ओढून ओढून हाड उचलतो, असे सरसकट म्हटले जाते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उंदरांच्या गर्भांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीला नेमकेपणा आणला. दंडाच्या हाडावरच्या उंचवट्याची सुरुवात कंडरेच्या पेशींच्या संकेताने होते; स्नायू आकुंचन पावत नसले तरी तो अंकुरतो. पण पुढे वाढायला त्याला स्नायूची ओढ लागतेच. प्रौढ मेंढ्यांना वजन लादून तीन महिने चालवल्यावर मात्र त्यांच्या हाडांवरच्या या जागांत फरक आढळला नाही. म्हणून जुना सांगाडा पाहून ‘हा पैलवान होता’ असे झटकन म्हणू नये. वय आणि अंगकाठी यांचाही त्या खुणांत मोठा वाटा असतो.

वाढीचा खरा काळ बालपण आणि किशोरवय. जन्मतः मांडीच्या हाडाचे वरचे टोक कूर्चेचे असते. मोठ्या उंचवट्यात हाड धरू लागते साधारण चौथ्या वर्षी, लहान गाठीत बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास, आणि दोन्ही दांड्याशी एकजीव होतात सोळा-सतराव्या वर्षाकडे. तोवर मधली कूर्चा हीच सर्वांत नाजूक जागा. म्हणून वाढत्या वयात जोराचा हिसका बसला तर कंडरा तुटण्याऐवजी ती गाठच हाडापासून सुटते. तीच गाठ प्रौढ माणसात, काही मार नसताना सुटली, तर डॉक्टर आधी कर्करोगाची शंका घेतात. खूण एकच, पण वयाप्रमाणे तिचा अर्थ पार बदलतो.

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर असाच एक उंचवटा आहे. बैठकांचा सगळा जोर त्याच्यावर येतो. वाढत्या मुलांत तो सुजतो, दुखतो. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. बहुतेकांत वाढ पूर्ण झाली की दुखणे थांबते, पण मधल्या काळात त्या जागेला उसंत लागते.

गावोगावच्या वस्तादांना आणि आईवडिलांना म्हणून एक विनंती. बारा-पंधरा वर्षांचा पोरगा गुडघ्याखाली किंवा खुब्यात दुखते म्हणाला तर त्याला आळशी ठरवू नका. त्याच्या बैठका काही दिवस कमी करा, आणि दुखणे राहिलेच तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मल्लाला जन्मभर पेलायची ती जागा अजून घडते आहे; तिला वेळ द्या.