सनावळी आणि आठवण

आता बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’कडे वळू. ही मालिका १९६३ला सुरू झाली. तिच्या चाहत्यांतला एक जुना वाद नमुन्यादाखल घेऊ.

‘युनिट’ हे लष्करी पथक, ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट त्याचा प्रमुख. १९७५च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये त्याच काळातली सारा म्हणते, मी १९८०मधली. १९८३च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये मात्र ब्रिगेडियर १९७७लाच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवतोय. मग खरं काय? चाहत्यांनी कोष्टकं मांडली. २००८मध्ये तर खुद्द डॉक्टरनेच थट्टेत सांगितलं, सत्तरचं दशक की ऐंशीचं, आठवत नाही!

हा काथ्याकूट आम्हाला फुकट वाटत नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेपा पुसल्या. हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, तो घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांमुळे. संस्थेने टाकलेलं ज्यांनी जपलं, ते तारखांबाबत हट्टी असणारच.

पण हिशेब जुळवताना गोष्ट निसटते. ‘मॉड्रिन अनडेड’मधला ब्रिगेडियर डॉक्टरलाच विसरलाय. डॉक्टर जुन्या खुणा सांगतो, तेव्हा कुठे त्याला एकेक आठवू लागतं. स्मृती गमावलेल्या माणसाच्या या कथेत आपण भांडतो कशावर, तर निवृत्तीच्या सालावर. साल चुकलंय, हे मान्यच. पण तो प्रसंग चुकलेला नाही, आणि समीक्षेने आधी तिथे थांबायला हवं. कोष्टक काय, नंतरही मांडता येतं.