स्प्रिंग बदलली, की आणखी काही?

अकोल्यातील एका हौशी तरुणाने घरी बांधलेले निनादयंत्र आम्ही अलीकडे तपासले. यंत्र व्हॉल्व्हचे आहे. गिटारचा आवाज त्यातून नेला की लहानशा खोलीतही देवळाच्या गाभाऱ्याचा भास होतो. त्याला स्प्रिंगांच्या दोन पेट्या जोडलेल्या असून एका खटक्याने हवी ती निवडता येते. 'दोन स्प्रिंगांची पेटी भरदार, तीन स्प्रिंगांची मरगळलेली' असा कर्त्याचा निष्कर्ष आहे. बांधणी नेटकी आहे, पण निष्कर्ष टिकत नाही. तो का टिकत नाही हे शिक्षकांनी अवश्य पाहावे, कारण विज्ञान प्रदर्शनांतील पुष्कळ प्रयोग नेमके याच ठिकाणी घसरतात.

प्रथम मूळ कल्पना समजून घेऊ. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर हाक दिली तर ती डोंगरांवरून सुटी सुटी परत येते. हा प्रतिध्वनी. दोन आवाजांत सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर असेल तरच कान ते वेगळे ओळखतो. म्हणून भिंत किमान १७ मीटर दूर हवी, असे आपण वर्गात सांगतो. परावर्तने त्याहून दाट आली की ती एकमेकांत मिसळतात आणि आवाज रेंगाळतो. हा निनाद.

एवढी परावर्तने हातभर लांबीच्या पेटीत कशी मावतात? स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना लहान चुंबक असतात. एका टोकाजवळच्या वेटोळ्यातून ध्वनीच्या लयीने बदलणारा प्रवाह सोडला की तिथला चुंबक किंचित पिळतो. तो पीळ तरंगाच्या रूपाने स्प्रिंगमधून दुसऱ्या टोकाला जातो, तेथील चुंबक हलवतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करतो. नंतर तो परत फिरतो, पुन्हा येतो, आणि क्षीण होत जातो. सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीच्या प्रचलित पेटीत एका स्प्रिंगला ३३ व दुसरीला ४१ मिलिसेकंद लागतात. ३३ मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून ११ मीटर जातो! पहिल्या स्प्रिंगचे प्रतिसाद ३३, ९९, १६५ मिलिसेकंदांना येतात आणि दुसरीचे ४१, १२३, २०५ ना. दोहोंच्या वेळा जुळत नाहीत, म्हणूनच ते एकमेकांच्या फटी भरून काढतात. तिसरी स्प्रिंग या फटी आणखी भरते. म्हणजे तीन स्प्रिंगांची पेटी अधिक दाट वाटायला हवी होती. ती मरगळली कशी?

उत्तर पेटीवरील सांकेतिक अक्षरांत सापडले. लॉरेन्स हॅमंड यांच्या ऑर्गनसाठी विकसित झालेल्या या पेट्या पुढे गिटारवादकांकडे आल्या. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने व्हॉल्व्हचे स्वतंत्र निनादयंत्र बाजारात आणले. अकोल्याचे यंत्र त्याच आराखड्यावर आहे. त्यातील ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या पेटीसाठी आहे. पहिली पेटी ८ ओहमची, दुसरी ६०० ओहमची. हे आकडे साध्या रोधाचे नसून १००० हर्ट्झ वारंवारतेच्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचे, म्हणजे इम्पीडन्सचे आहेत. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमच्या वेटोळ्यावर तो १ ओहमहूनही कमी दाखवतो. पेटी बिघडलेली नसते. मल्टिमीटर फक्त तारेचा रोध मोजत असतो. रोध आणि इम्पीडन्स यांतील भेद दाखवायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आता गणित पाहा. ट्रान्सफॉर्मरचा विद्युतदाब तेवढाच राहिला असे धरले, तर ६०० ओहमच्या वेटोळ्यातून ७५ पट कमी प्रवाह जातो. गाभा सारखा असेल तर इम्पीडन्स वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वेढे साडेआठ-नऊ पट जास्त. चुंबकाला पिळणारे बल प्रवाह गुणिले वेढे यावर अवलंबून असते. ते सुमारे एक नवमांश उरते. मरगळ स्प्रिंगांची नव्हती, जोडणीची होती. शिवाय एका पेटीचा निनाद लांब मुदतीचा (पावणेतीन ते चार सेकंद) आणि दुसरीचा मध्यम मुदतीचा (पावणेदोन ते तीन सेकंद) होता. म्हणजे खटका एकच, पण त्याने एकदम तीन गोष्टी बदलल्या.

न्याय्य तुलना करायची तर दोन्ही पेट्या एकाच इम्पीडन्सच्या व एकाच मुदतीच्या घ्याव्यात. अन्यथा प्रत्येकीला तिचा ट्रान्सफॉर्मर द्यावा. आवाजाची पातळी सारखी करावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आणि कोणती पेटी चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. यंत्राबद्दल एक गंभीर तक्रारही नोंदवली पाहिजे. खटका फिरताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर भाराविना राहतो आणि त्याच्या व्हॉल्व्हकडील बाजूस दाब उसळू शकतो. आवाज बंद करूनच खटका फिरवावा. व्हॉल्व्हच्या यंत्रात काही शे व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार टिकून राहतो. म्हणून विद्यार्थ्यांना पेटी हाताळू द्यावी, यंत्र उघडू देऊ नये.

हीच चूक वर्गातही होते. समजा, ५० मीटर दूरच्या भिंतीवर टाळीचा प्रतिध्वनी अमरावतीच्या मुलांनी डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना मोजला आणि अकोल्याच्या मुलांनी मे महिन्यात ४५ अंशांना. पहिल्यांना ०.२९ सेकंद मिळतील, दुसऱ्यांना ०.२८. हा फरक भिंतीचा म्हणावा की उन्हाचा? तापमान लिहून ठेवले असेल तरच सांगता येईल.

अकोल्याच्या तरुणाचे कौशल्य वाखाणण्यासारखेच आहे, आणि त्याचा कानही खोटे सांगत नव्हता: फरक खराच होता. चुकले ते त्या फरकाचे कारण. प्रयोगवहीत 'काय बदलले' या रकान्याशेजारी 'आणखी काय बदलले' असा दुसरा रकाना मुलांना आखायला लावला, तर निम्मे विज्ञान तिथेच शिकवून होईल.