काढता येणारा प्रश्न

नाटकाचे परीक्षण होते, पाककृतींच्या पुस्तकाचेही होते. प्रश्नमंजूषेचे मात्र कोणी करत नाही. उत्तर बरोबर की चूक यावर वाद होतात. प्रश्न चांगला होता का, हे कोणी विचारत नाही. गेली सहा वर्षे मी तीन मित्रांबरोबर नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या कॅफे-रेस्तराँमध्ये होणाऱ्या प्रश्नमंजूषांना जातो. आम्हा चौघांचे वय मिळून सव्वादोनशेच्या घरात. शेजारच्या टेबलांवरची मुले पंचविशीतली. आमचा क्रमांक कधी तिसरा, बहुतेकदा शेवटून दुसरा. ऐकलेले प्रश्न घरी आल्यावर वहीत उतरवून ठेवायची मला सवय आहे. पुढची मते त्या वह्यांवरून बनलेली आहेत.

हा खेळ ब्रिटनमधल्या पबांत १९७०च्या दशकात फोफावला. मालकांचा हेतू व्यापारी होता : सुन्या संध्याकाळी गिऱ्हाईक बसावे. आपल्याकडे त्याआधीच, १९६७ साली, नील ओब्रायन यांनी कोलकात्यात एका चर्चच्या सभागृहात खुली प्रश्नमंजूषा भरवली होती. १९८५ला सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर आला आणि इंग्रजी शाळांतल्या हुशार मुलांना नवे दैवत मिळाले. मराठी घरांत हा खेळ खऱ्या अर्थाने शिरला तो २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’मुळे. पुढे २०१३मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले. पण तिथे माणूस खुर्चीवर एकटा असतो. चार पर्याय, धडधडणारे संगीत, आणि मित्र म्हणजे घटकाभर फोनवर येणारा मदतनीस. कॅफेतल्या खेळात मित्र मदतीला नसतात, उत्तरच सगळ्यांचे मिळून असते. एकाला नाटक ठाऊक, दुसऱ्याला क्रिकेट, तिसऱ्याला काहीच ठाऊक नसते पण तो शंका उत्तम काढतो. आमच्या टेबलावरचा सर्वांत उपयोगी गडी हा तिसराच आहे.

चांगला प्रश्न आला की आमच्यातला कोणीतरी म्हणतो, ‘‘थांबा रे, हा काढता येईल.’’ ‘काढणे’ हे क्रियापद मला फार नेमके वाटते. गणित काढतात, माग काढतात, गर्दीतून वाट काढतात. जे उत्तर आधी पाठ असावेच लागत नाही, हाताशी असलेल्या चार तुकड्यांवरून ज्याच्यापर्यंत पोचता येते, ते काढता येणारे उत्तर. माझ्या लेखी प्रश्नाची कसोटी हीच.

उदाहरण घरचेच घेऊ. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे नाशिकमधल्या कुठल्याही प्रश्नमंजूषेत ते येतातच. पण येतात कसे? ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक कोण?’, ‘राजा हरिश्चंद्र कोणत्या वर्षी प्रदर्शित झाला?’ ठाऊक असेल तर दोन सेकंदांत उत्तर, नसेल तर दोन तास बसून उपयोग नाही. टेबलावर बोलण्यासारखे काही उरतच नाही. आता हा प्रश्न पाहा : ‘१९१७च्या एका मूकपटात एकाच पुरुष नटाने नवरा आणि बायको अशा दोन्ही भूमिका केल्या. ते जोडपे कोणते?’ इथे टेबल जागे होते. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या तो काळ, म्हणजे बायकोच्या भूमिकेत पुरुष, हे समजले. पण दोन्ही एकाच नटाने? म्हणजे दोघे फारसे एकत्र दिसायला नकोत. ताटातूट झालेले जोडपे हवे. नल-दमयंती की राम-सीता? शंकेखोर मित्र विचारतो, पडद्यावर दाखवायला जास्त मजा कशात? शेपटीची आग! आणि ‘लंकादहन’ हाती येते. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. हेच साळुंके आधी उपाहारगृहात कामाला होते आणि ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते. उत्तर मिळेपर्यंत त्या काळाचा रंगमंच, लाज, तडजोड सगळे बोलून झालेले असते.

मराठीत असे प्रश्न कमी का, याचे माझे उत्तर कटू आहे. आपला आजचा मराठी प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकातून घडला आहे. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर आहे’, ‘जोड्या लावा’, ‘कोठे’, ‘केव्हा’. मुलांना नोकरी हवी आहे, त्यांनी ती पुस्तके जरूर घोकावीत. पण गणेशोत्सवातल्या मंडळाने, ग्रंथालयाने, महिला मंडळाने हौसेने भरवलेल्या स्पर्धेचा कागदही तोच असावा? हौसेच्या खेळाला परीक्षेचा वास येतो, आणि एकदा नापास झालेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

वास्तविक जमावापुढे, चढाओढीने, दोन बाजूंनी प्रश्न विचारण्याचा आपला स्वतःचा मोठा वारसा आहे. कलगी-तुऱ्याचे फड म्हणजे दुसरे काय होते? तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका शाहिराने डफावर भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातच तो फोडायचा. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात, मुंबईच्या नाट्यगृहांतही होतात. अनंत माने यांच्या १९६४च्या चित्रपटाचे नावच मुळी ‘सवाल माझा ऐका’. त्याहून जुना आणि घरगुती प्रकार म्हणजे उखाणा. आज तो नाव घेण्यापुरता उरला असला तरी उखाण्याचा एक अर्थ कोडे असाच आहे.

मात्र या परंपरेचे नुसते गोडवे गाऊ नयेत. पुष्कळ भेदिक सवाल केवळ समोरच्याला अडवण्यासाठी असतात. पुराणातल्या कुठल्याशा पात्राचे आडवळणी नाते, गुरूच्या वहीत असेल तरच सुटणारे. कॅफेतही असे प्रश्न करणारे भेटतात. आपल्याला किती ठाऊक आहे हे दाखवणे हाच त्यांचा हेतू. तो डफावर म्हटला काय आणि पडद्यावर दाखवला काय, प्रश्न वाईटच. तरी भेदिकाची एक गोष्ट मला हेवा वाटावा अशी आहे : ऐकणाऱ्या साऱ्या गावाला सवाल कळत असे. तो त्यांच्या बोलीत होता.

माझी खरी तक्रार इथे आहे. आमच्या चौघांतला एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. त्याला देवलांची नाटके तोंडपाठ आहेत. इंग्रजी त्याला येते. पण प्रश्न मनात मराठीत उतरवून घेईपर्यंत वेळ संपलेली असते. वर्षभर तो टेबलावर जवळजवळ गप्प होता. चहा, भजी आणि आमची सोबत एवढ्यासाठी यायचा. मराठी हा या संध्याकाळींचा विषय असतो, विचारण्याची भाषा नसते. कुसुमाग्रजांच्या गावात कुसुमाग्रजांवरचा प्रश्न इंग्रजीत येतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

गेल्या वर्षी एका आयोजकाने दहा प्रश्नांची मराठी फेरी करायला सांगितली. त्यातला एक प्रश्न असा : ‘२१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्रीच्या नाटकाच्या नावाने मराठी माणूस १९२९चा एक कायदा ओळखतो. कायद्याला ते नाव खरोखर कोणावरून पडले?’ नाटक ‘शारदा’, हे बऱ्याच टेबलांनी काढले. म्हाताऱ्याशी लावले जाणारे मुलीचे लग्न हा देवलांच्या नाटकाचा विषय. कायदा मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा. मग नाव नाटकावरूनच पडले असणार, असे बहुतेकांनी लिहिले. ते आले हरबिलास सारडा यांच्यावरून. ‘सारडा’चा ‘शारदा’ झाला तो मराठी कानात १८९९पासून ते नाटक बसले होते म्हणून, असा माझा तर्क. या प्रश्नावर दोन टेबलांवरची पोरे आपले उत्तर सोडून आमच्या मास्तरांभोवती येऊन उभी राहिली, आणि त्यांनी त्यांना कांचनभटाचे अख्खे कथानक ऐकवले. आयोजकाचे म्हणणे, पुढच्या वेळी चार पर्याय द्या, फेरी लवकर उरकेल. मी अजून हो म्हटलेले नाही.