परकी भाषा कोणाला परकी?

जून उजाडला की विद्यापीठांची माहितीपत्रके त्र्यंबकेश्वरापर्यंत पोचतात. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिका. जगाची दारे उघडतील. आवडीची भाषा निवडा. ही पत्रके मी विद्यार्थ्यांबरोबर वाचतो. मला त्यांत खटकतो तो ‘निवडा’ हा शब्द.

बाबासाहेबांनी शाळेत फारसी घेतली, निवडली नव्हती. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून ती पदरात पडली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवले, जर्मन शिकले, बॉन विद्यापीठात नावही घातले. भाषा ही केवळ आवडीची बाब आहे असे सांगणारा हा इतिहास गाळून बोलत असतो.

त्र्यंबकला तर भाषा म्हणजे वतन, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. नारायण-नागबळीचे मंत्र संस्कृतात आणि दक्षिणेची बोलणी यजमानाच्या हिंदी-गुजरातीत! त्यासाठी कोणाला पत्रक छापावे लागले नाही. भोवतालच्या पाड्यांवरचे महादेव कोळ्याचे, ठाकराचे पोर मात्र शाळेत पाऊल टाकते तेव्हा पुस्तकातली मराठी हीच त्याची पहिली परकी भाषा असते. इंग्रजी दुसरी. पत्रक लिहिणाऱ्याने मोजणी स्वतःच्या घरापासून सुरू केलेली असते.

सावित्रीबाईंचे नाव 2014 साली मिळालेल्या पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्र्यंबकहून दोनशेहून अधिक किलोमीटर. तिथल्या खोलीभाड्याचा आकडा पत्रकात कसा असेल?

2024 साली राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला; परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री यांना जर्मन शिकवून पाठवायचे ठरले. म्हणजे एकाच भाषेच्या दोन पंगती झाल्या. एकीत गटे, भाषांतर, संशोधन. दुसरीत इस्पितळाचा वॉर्ड आणि ट्रकचे चाक. या कामांना मी हलके म्हणत नाही, आणि जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण पहिल्या पंगतीचे आमंत्रण पाड्यावर का जात नाही? आमच्या पोरांना जर्मन झेपते हे तर सरकारनेच मान्य केले आहे.

एका विद्यार्थिनीने पत्रक उलटसुलट पाहून विचारले, “सर, जर्मन शिकवतात ते कोणत्या भाषेतून?” पत्रकात ते नव्हते. नाशिकला, सुटीच्या दिवशी, आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांसाठी मराठीतून जर्मनचा एक वर्ग विद्यापीठाने उघडावा. पत्रके आम्ही पाड्यापाड्यावर वाटू.