आकडा मोजला कोणी? : कॅन्ससचा एक पेपर आणि आपला भूजल उपसा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर तालुक्यातल्या सिंचन विहिरींची संख्या, उभ्या अक्षावर वार्षिक भूजल उपसा. बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. मी खूश होऊन प्रिंट घेऊन गाईडकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "हा उपसा मोजला कोणी?" मला सांगता आलं नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे हे मला एका पेपरमुळे कळलं. बटलर, व्हिटमोर, विल्सन आणि बोलिंग या कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेमधल्या चौघांचा हा पेपर २०१६ साली 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मध्ये आला. पेपर छोटा आहे, गणित बारावीचं आहे. तरी तो वाचाच, पण डोळे उघडे ठेवून.

आधी डेटा कुठून येतो ते बघू. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागातली बागायती शेती हाय प्लेन्स जलधरावर चालते. १९४५ च्या कायद्यानुसार घरगुती वापर सोडला तर पाणी उपसायला राज्याकडून हक्क घ्यावा लागतो. हक्कधारकाने मागच्या वर्षीचा वापर १ मार्चपर्यंत कळवायचा: मीटरचं रीडिंग, भिजवलेले एकर, पीक. नाही कळवलं तर दंड. याशिवाय दर हिवाळ्यात, पंप बंद असताना, सुमारे १,४०० विहिरींची पातळी मोजली जाते. शेतकऱ्याने भरलेल्या फॉर्मशी या मोजणीचा काही संबंध नसतो.

लेखकांनी हे दोन डेटा समोरासमोर ठेवले. एक वर्ष म्हणजे एक बिंदू: त्या वर्षी उपसा किती आणि सरासरी पातळी किती बदलली. बिंदू सरळ रेषेच्या जवळ आले. ही रेषा 'पातळीतला बदल शून्य' या ठिकाणी जिथे पोचते, तेवढा उपसा ठेवला तर पातळी टिकते. निष्कर्ष असा की १९९६ ते २०१३ या काळात उपसा साधारण २२ टक्के कमी असता, तर या जलधराच्या कॅन्ससमधल्या बऱ्याच भागात सरासरी पातळी स्थिर राहिली असती.

मला या पेपरची खरी ताकद २२ या आकड्यात वाटत नाही. वेगळ्या मार्गाने आलेले दोन डेटा एकमेकांना दुजोरा देतात, त्यात आहे. फॉर्ममधले आकडे सरसकट खोटे असते, तर रेषा आलीच नसती. राज्याला त्याचा उपयोगही होतो. शेरिडन काउंटी आणि आसपासच्या एका पट्ट्यात शेतकऱ्यांच्याच पुढाकाराने २०१३ पासून पाच वर्षांसाठी उपशावर मर्यादा आली, लक्ष्य सुमारे २० टक्के कपातीचं. प्रत्यक्षात कपात त्याहून जास्त झाली, आणि हे कळलं ते वापराची दरवर्षी नोंद होते म्हणूनच.

आता माझे आक्षेप.

पहिला, पावसाचा. चांगल्या पावसाच्या वर्षी पंप कमी चालतात, आणि पुनर्भरणही वाढू शकतं. मग पातळी कशामुळे टिकली? पश्चिम कॅन्ससमध्ये भूजल खूप खोल असल्याने पाऊस तिथवर पोचायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे तिथे हा युक्तिवाद टिकतो. आपल्या बेसॉल्टमधली उथळ विहीर मात्र त्याच पावसाळ्यात भरते. म्हणून ही पद्धत उचलून थेट मराठवाड्यात लावू नका.

दुसरा, रेषा तशीच राहील या गृहीतकाचा. शेताला दिलेल्या पाण्यातलं काही पुन्हा खाली मुरतं. उपसा कमी केला की हे मुरणंही पुढेमागे कमी होणार. म्हणजे आजची २२ टक्के कपात कायमची पुरेल असं नाही.

तिसरा, फॉर्म भरणाऱ्याचा. तिथे सलग पाच वर्षं सबळ कारणाशिवाय पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो, आणि मर्यादेपेक्षा जास्त वापरलं तर कारवाई होते. दोन्ही बाजूंनी आकडा 'बरोबर बसवण्याचा' मोह आहे. मीटरमुळे तो कमी होतो, संपत नाही.

एवढे आक्षेप घेता आले, कारण आकडा कसा तयार झाला हे माहीत आहे. आता आपल्याकडे या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तो चांगला डेटा आहे. पण शेतातल्या विहिरी-बोअरवर सहसा मीटर नाही. भूजल मूल्यांकनातला सिंचनाचा उपसा साधारणपणे असा काढतात: विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीमागे धरलेला सरासरी उपसा. माझा आलेख सुंदर का आला, कळलं ना? मी विहिरींची संख्या विहिरींच्या संख्येशीच ताडून बघत होते!

गंमत इथेच संपत नाही. पातळीच्या चढउतारावरून पावसाळ्यातलं पुनर्भरण काढताना त्या काळातला उपसा त्यात मिळवावा लागतो. म्हणजे 'उपशाचं पुनर्भरणाशी प्रमाण' काढताना तोच अंदाज भागाकाराच्या वरही असतो आणि खालीही. तालुका 'सुरक्षित' की 'अतिशोषित' हे याच प्रमाणावर बरंचसं ठरतं.

याचा अर्थ मूल्यांकन टाकाऊ आहे असा नाही. मीटर नसताना अंदाजच करावा लागतो, आणि त्याची पद्धत लिहिलेली आहे. चूक माझी होती. मी अंदाजाला मोजमाप समजले, आणि पद्धतीचं प्रकरण न वाचता शेवटच्या तक्त्यावर उडी मारली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक चलापुढे तीन गोष्टी लिहून बघा: हा आकडा कोणी लिहिला, मोजला की काढला, आणि काढला असेल तर कशावरून. तिसऱ्या उत्तरात तुमचंच दुसरं चल सापडलं, तर रिग्रेशन चालवू नका. मी तो आलेख अजून टेबलासमोर चिकटवून ठेवलाय.