'मारेकरी' : अर्थ आणि उपयोग

राजकीय हेतूने माणूस मारणाऱ्यास इंग्रजीत 'असॅसिन' म्हणतात. हे नाव मुळात शत्रूंनी दिलेले आहे. हसन सब्बाहने इ. स. १०९० मध्ये इराणातील अलमूतचा किल्ला घेतला. त्याच्या निझारी इस्माइली अनुयायांना विरोधक तुच्छतेने 'हशीशी' म्हणत, आणि क्रूसेडच्या काळात तेच नाव अपभ्रष्ट होऊन युरोपात गेले. स्वपंथात मात्र असा माणूस 'फिदाई', म्हणजे प्राण ओवाळून टाकणारा, म्हणून ओळखला जाई.

मराठीत या शब्दाला 'मारेकरी' हा पर्याय सर्रास दिला जातो. तो चुकीचा नसला तरी सर्वस्वी नेमकाही नाही. 'मारेकरी घालणे' हा जुना वाक्प्रचार पाहिला म्हणजे ध्यानात येते की, मारेकऱ्याच्या मागे त्याला धाडणारा कोणी तरी आहे हे भाषेने गृहीतच धरलेले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना ठार करणारे गारदी हे या अर्थाने अस्सल मारेकरी होत. 'गारदी' हे वस्तुतः कवायती पलटणीतल्या शिपायाचे नाव. त्या दिवसापासून त्याला जो डाग लागला तो पुढे गेला नाही. पण लोकस्मृती गारद्यांपाशी थांबली नाही. तिने 'ध'चा 'मा' करणाऱ्या हाताची आख्यायिका जतन केली. ती इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही हा प्रश्न निराळा; मारेकरी कोणी घातले, हा मराठी मनाचा खरा प्रश्न होता, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'चाही (१९०९) रोख तिकडेच आहे.

परंतु कोणी न धाडता, स्वतःच्या मतासाठी मारणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी मराठीत स्वतंत्र कर्तृवाचक नाम नाही. निवाडा क्रियेच्या नामातून होतो. फारसीतून आलेला 'खून' हा न्यायकचेरीचा कोरडा शब्द. 'हत्या' ब्रह्महत्या, भ्रूणहत्या यांच्या पंक्तीतली असल्यामुळे तिला पापाचा स्पर्श आहे. 'वध' मात्र कंसाचा, शिशुपालाचा, कीचकाचा. ज्याचा वध होतो तो आधीच अपराधी ठरलेला असतो. कर्झनशाहीवर रूपक रचताना खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' हे नाव योजले ते उगीच नव्हे. १९१० मध्ये बंदी घालणाऱ्या सरकारला त्याचा अर्थ पुरता कळला होता, असेच म्हटले पाहिजे.

म्हणूनच ३० जानेवारी १९४८ च्या घटनेविषयी लिहिताना शब्दाची निवड ही केवळ शैलीची बाब राहत नाही. वृत्तपत्रांनी नथुराम गोडसेला 'मारेकरी' म्हटले आणि त्या शब्दातली 'घालण्या'ची जुनी छटा त्यामुळे काहीशी पुसट झाली. हा अर्थविस्तार स्वाभाविक आहे. 'गांधीवध' या प्रयोगाची गोष्ट वेगळी. त्यात कोणताही पुरावा न मांडता मृत व्यक्तीला कीचकाच्या जागी बसविले जाते, आणि वाचकाला ते जाणवतही नाही. विशेष असे की, कटात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांनी आपल्या मराठी पुस्तकाला 'गांधीहत्या आणि मी' असे नाव दिले. हिंदीत ते 'गांधीवध और मैं' झाले.