दोन अपत्यांच्या अटीची किंमत : कुटुंबनियोजनविषयक कायदे व धोरणांची अर्थशास्त्रीय चिकित्सा (विशेष संदर्भ : महाराष्ट्र व बुटीबोरी परिसर)

प्रस्तावना :

कुटुंब किती मोठे असावे हा प्रश्न वरवर खासगी वाटला, तरी स्वातंत्र्योत्तर काळात तो शासनाच्या धोरणाचा विषय झाला आहे. १९५२ मध्ये भारताने शासकीय पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. तेव्हापासून कधी प्रबोधन, कधी अनुदान, कधी सक्ती, तर कधी अपात्रता अशा विविध साधनांचा वापर शासनाने केला. कायद्याच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रत्येक साधनाला एक किंमत असते. ती किंमत कोणावर आकारली जाते आणि प्रत्यक्षात कोण भरतो, हे पाहिल्याशिवाय त्या कायद्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन अपत्यांची अट आणि तिच्याशी निगडित धोरणे यांची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

या चिकित्सेसाठी नागपूर-वर्धा मार्गावरील बुटीबोरी हे गाव उपयुक्त ठरते. शेतीवर जगणाऱ्या या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत उभी राहिली. परगावचे व परप्रांतांतील कामगार येथे आले आणि ग्रामपंचायतीच्या जागी नगर परिषद आली. जुने कृषिजीवन आणि नवे कंत्राटी श्रमजीवन येथे शेजारी शेजारी नांदते. त्यामुळे कुटुंबविषयक कायदे कोणाला स्पर्श करतात आणि कोणाला वगळतात, हे येथे स्पष्टपणे समजून घेता येते.

सुविधेचा विचार आणि शिक्षेचा विचार :

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार शासनाच्या कितीतरी आधी सुरू झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे मांडली. ठराव फेटाळला गेला. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या दलित महिला परिषदेत डॉ. आंबेडकरांनी लग्नाची घाई करू नये आणि अधिक अपत्यांचा भार अंगावर घेऊ नये, असा उपदेश स्त्रियांना केला.

या विचारपरंपरेचा आर्थिक आशय महत्त्वाचा आहे. ज्ञान आणि साधने स्वस्त व सुलभ झाली, तर स्त्री स्वतःच लहान कुटुंब निवडेल, असा विश्वास तिच्या मुळाशी होता. म्हणजे संततिनियमनाच्या साधनाची किंमत कमी करणे हा तिचा मार्ग होता.

आणीबाणीच्या काळात शासनाने दुसरा मार्ग धरला. १९७६ मध्ये तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. तथापि १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते. सक्तीच्या या अनुभवानंतर पुरुष नसबंदी जवळजवळ थांबली आणि कार्यक्रमाचा भार स्त्रियांच्या शरीरावर सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्कादेखील नाही. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, कमी खर्चाची आणि कमी जोखमीची असते.

अटीचे स्वरूप :

राष्ट्रीय लोकसंख्या धोरण, २००० ने ऐच्छिकतेचे तत्त्व स्वीकारले. त्याच वर्षी महाराष्ट्रात मात्र दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यास स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविणारी तरतूद अमलात आली. एक वर्षाच्या सवलतीनंतर १२ सप्टेंबर २००१ ही निर्णायक तारीख ठरली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगर परिषद या सर्वांना ही अट लागू झाली. बुटीबोरीत ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली, अधिनियम बदलला, पण अट उमेदवाराच्या मागोमाग आली. २००५ मध्ये शासकीय सेवाप्रवेशासाठीही लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. विधानसभा व लोकसभेच्या उमेदवारांना मात्र अशी अट नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात अशा तरतुदीची वैधता मान्य केली. तरतूद घटनेला धरून आहे, एवढे त्या निर्णयाने सिद्ध झाले. ती आर्थिकदृष्ट्या विवेकी आहे किंवा नाही, हा प्रश्न उरतोच.

अटीची आर्थिक चिकित्सा :

शिक्षेमुळे वर्तन बदलावे यासाठी किमान दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली, शिक्षा ज्याला होते त्याच्या हाती निर्णय असला पाहिजे. दुसरी, निर्णय घेताना त्याला शिक्षेची कल्पना असली पाहिजे. दोन अपत्यांची अट या दोन्ही कसोट्यांवर अपुरी पडते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्या जागा आळीपाळीने बदलतात व त्यांची सोडत निवडणुकीच्या तोंडावर निघते. समजा, औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या गावात एका स्त्रीला दोन मुलींनंतर तिसरे अपत्य झाले. तो निर्णय बहुधा तिचा एकटीचा नव्हता. सासरची मुलाची अपेक्षा त्यामागे होती. दहा वर्षांनी तिचा प्रभाग स्त्रियांसाठी राखीव झाला. बचत गट चालविणारी, गावाचा पाणीप्रश्न जाणणारी ती स्त्री त्या दिवशी अपात्र ठरते. अपत्याच्या जन्मावेळी तिला या संधीची कल्पना असणे शक्य नव्हते. अशा स्थितीत अपात्रतेने तिचे पूर्वीचे वर्तन बदलणार कसे? ज्या कुटुंबाने निर्णय लादला, ते दुसऱ्या सुनेचा अर्ज भरू शकते. म्हणजे शिक्षा स्त्रीला आणि पर्याय कुटुंबाला, अशी ही विभागणी होते.

निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात पत्नीचा त्याग, अपत्य दत्तक देणे, पितृत्व नाकारणे आणि गर्भपात असे मार्ग पद टिकविण्यासाठी अवलंबिले गेल्याचे आढळले. अपत्य दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ओडिशातील प्रकरणात स्पष्ट केले. कायदेशीर पळवाट बंद झाली, परंतु त्यागलेली पत्नी व परक्या घरी गेलेले मूल यांचे नुकसान भरून आले नाही.

या अटीच्या बाजूने एक पुरावा आहे आणि तो नाकारणे योग्य होणार नाही. एस. अनुकृती व अभिषेक चक्रवर्ती यांच्या अभ्यासात अशी अट असलेल्या राज्यांत तिसऱ्या अपत्याचे प्रमाण काही अंशी घटल्याचे दिसले. परंतु त्याच अभ्यासात, पहिली मुलगी असलेल्या उच्चवर्णीय कुटुंबांत दुसऱ्या अपत्याचे लिंग-गुणोत्तर मुलींच्या विरोधात गेल्याचेही आढळले. अपत्यांची संख्या दोनवर बांधली आणि मुलाची ओढ कायम राहिली, तर दुसऱ्या मुलीच्या जन्माची किंमत वाढते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. या घसरणीचे खापर केवळ या अटीवर फोडता येत नाही, पण एक कायदा मुलीला वाचवू पाहतो आणि दुसरा तिच्यावरचे दडपण वाढवितो, ही विसंगती मान्य करावी लागते.

जननदराचा प्रवासही बोलका आहे. महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता आणि अट लागू होण्यापूर्वीच, १९९८-९९ मध्ये, तो २.५ पर्यंत उतरला होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला, म्हणजे प्रतिस्थापन पातळी असलेल्या २.१ च्याही खाली गेला. अशी अट नसलेल्या केरळात तो १९९२-९३ मध्येच २.० होता. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, बालमृत्यूतील घट आणि मुलांच्या शिक्षणाचा वाढता खर्च यांनी हे परिवर्तन घडविले. आई-वडील अपत्यांच्या संख्येऐवजी त्यांच्या गुणवत्तेवर खर्च करू लागतात, हे गॅरी बेकर यांचे प्रतिपादन येथे लागू पडते.

श्रमजीवी स्त्री आणि प्रसूतीचा खर्च :

औद्योगिक परिसरात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. प्रसूती लाभाच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवडे केली. दोन हयात अपत्यांनंतर ती १२ आठवडेच राहिली. ही तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आली. येथेही दंड बाळंतिणीच्या विश्रांतीवर आणि तान्ह्या बाळाच्या दुधावर पडतो. पित्याच्या वेतनातून काहीच कपात होत नाही.

शिवाय राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेरील आस्थापनांत या रजेचा खर्च मालकावर असतो. त्यामुळे तरुण विवाहितेला कामावर घेताना मालक हात आखडता घेण्याची शक्यता वाढते. विमा योजनेत हाच खर्च निधीतून भागतो आणि त्याचा भार सर्वांत वाटला जातो. कंत्राटदारामार्फत तुटक काळासाठी राबणाऱ्या स्त्रीच्या हाती मात्र सलग सेवेचा दाखला नसेल, तर दोन्ही मार्ग बंद होतात.

राज्याच्या २०२३ च्या 'लेक लाडकी' योजनेतही दुसऱ्या प्रसूतीनंतर आई किंवा वडिलांनी शस्त्रक्रिया करून घेण्याची अट आहे. शब्दशः ती दोघांना समान आहे, परंतु वर दिलेली आकडेवारी पाहता ती कोण पूर्ण करणार हे उघड आहे. मुलीच्या शिक्षणाचा पैसा आईच्या शस्त्रक्रियेशी बांधणे, हे मदतीपेक्षा सौद्याच्या अधिक जवळ जाते.

समारोप :

हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि हिमाचल प्रदेश यांनी पंचायतींतील ही अट २००५-०६ च्या सुमारास मागे घेतली. आंध्र प्रदेशाने घटता जननदर व वाढते वृद्धत्व लक्षात घेऊन २०२४ मध्ये ती रद्द केली. महाराष्ट्रात २०२५ च्या अखेरीस झालेल्या नगर परिषद निवडणुकांतही ती लागू होती. तिचे उद्दिष्ट अन्य कारणांनी साध्य झाले असताना तिची किंमत मात्र समाज भरतच आहे.

म्हणून स्थानिक संस्थांतील ही अपात्रता रद्द करणे, पुरुष नसबंदी व तांबीसारख्या तात्पुरत्या साधनांच्या सेवेवर अधिक खर्च करणे, प्रसूती लाभाचा भार विमा निधीकडे नेऊन कंत्राटी स्त्री कामगारांना त्यात सामावून घेणे आणि मुलींच्या योजनांतून शस्त्रक्रियेची अट वगळणे, या दिशेने धोरणाचा पुनर्विचार झाला पाहिजे. नागपूरच्या १९४२ च्या परिषदेत स्त्रियांना विवेकाने निर्णय घेण्याचे आवाहन झाले होते. तो निर्णय घेण्याची क्षमता व साधने बुटीबोरीच्या कामगार वस्तीतील स्त्रीपर्यंत किती पोहोचली, यावरच कुटुंबनियोजनाच्या पुढील धोरणाचे यश मोजले जावे.